तुमचं नाव, माझं नाक

"काका, हा श्वास तुमचा नाही," मशीनच्या बाई म्हणाल्या.

सावकाशराव खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडद्यावर एक हिरवी रेघ वर-खाली होत डावीकडून उजवीकडे गेली होती. तीत त्यांना आपलं असं काही दिसलं नाही, आणि परकं असंही काही दिसलं नाही.

"मग कोणाचा असणार?" ते हसायचा प्रयत्न करत म्हणाले. "मशीन माझ्या उशाला असतं."

"उशाला असेल हो. नाकाला कोणाच्या असतं?"

खोली दवाखान्याच्या तळघरात होती. भिंतीला खिळ्यांवर मास्क टांगलेले होते. लहान, मध्यम, मोठे, चपलांच्या दुकानासारखे मापाने लावलेले. रबराचा वास येत होता. टेबलावर त्यांचं मशीन ठेवलेलं होतं, त्याच्या पोटातून काढलेलं नखाएवढं कार्ड संगणकात अडकवलेलं होतं, आणि त्या कार्डावर गेल्या महिन्यातला सगळा श्वास होता. केव्हा घेतला, किती वेळ घेतला, सोडायला किती लागला, कुठे थांबला. एवढंसं कार्ड एवढं सगळं धरून ठेवतं हे त्यांना माहीत नव्हतं. मशीन किती तास चाललं तेवढंच ते मोजतं, अशी त्यांची समजूत होती. तीच त्यांची चूक झाली.

सावकाशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. उभं आयुष्य त्यांनी बस चालवली, आणि म्हातारं माणूस उतरताना दिसलं की आरशातून बघत ते म्हणत, "सावकाश, सावकाश." माणूस उतरून पदपथावर उभं राहिल्याशिवाय त्यांचा पाय ब्रेकवरून हलत नसे. डेपोतल्या लोकांनी आधी चेष्टेने नाव ठेवलं, पुढे त्याला राव जोडलं, आणि मग ते पाटीवर रंगवल्यासारखं पक्कं झालं.

त्याच माणसाला एका दुपारी लाल दिव्याशी झोप लागली. बस भरलेली होती. पाय ब्रेकवर होता म्हणून गाडी जागची हलली नाही. दिवा हिरवा झाला, परत लाल झाला, परत हिरवा झाला. मागून भोंगे वाजले, प्रवाशांनी पत्रा बडवला, शेवटी एका बाईने पुढे येऊन त्यांचा खांदा हलवला. कोणाला ओरखडासुद्धा आला नाही. पण डेपोने त्यांना चाकावरून उतरवलं आणि तपासणीला पाठवलं. झोपेत गळा मिटतो, श्वास अडतो, रात्रभर झोप अशी लागतच नाही, असं निघालं. उपाय म्हणून हे मशीन आलं. रात्री मास्क लावायचा, मशीन हवा आत ढकलतं, गळा उघडा राहतो. तीन महिने मशीन नीट वापरल्याचा अहवाल आला की चाक परत मिळणार होतं. हा तिसरा महिना होता.

"हे बघा," बाईंनी पडद्यावर दोन रेघा एकाखाली एक लावल्या. "वरची तुमची. इथं तपासणीला झोपला होतात त्या रात्रीची. श्वास आत घेताय तो लांब, भरदार. मग गळा मिटला की रेघ कशी तुटते बघा. धपकन थांबते आणि धाडकन सुरू होते. खड्ड्यातून बस जावी तशी."

"हं."

"आता खालची. हा श्वास तोकडा आहे. आत घ्यायला लागणारा वेळच कमी. आणि थांबण्याची तऱ्हा वेगळी. आधी लहान, मग थोडा मोठा, आणखी मोठा, मग उतरत उतरत परत लहान, आणि मग काहीच नाही. थोड्या वेळानं पुन्हा लहानापासून सुरू. टेकडी चढायची, उतरायची, पायथ्याशी बसून राहायचं. रात्रभर हेच."

"थांबतो तर माझाही थांबतो की. म्हणून तर मशीन दिलंत."

"तुमचा थांबतो तेव्हा वाट बंद असते. आतून धडपड चाललेली असते. इथं मशीननं बारीकशी फुंकर मारून बघितलंय, वाट उघडी आहे." बाईंनी पेन्सिलीने रेघेवरची छोटी थरथर दाखवली. "दार सताड उघडं, आणि येणारं कोणी नाही. श्वास घ्यायचाच राहून जातोय."

सावकाशरावांनी मान हलवली.

"असं कशानं होतं?"

"पुष्कळ कारणं असतात. पण बहुतेक वेळा हृदय दमलेलं असतं. रक्त फिरायला वेळ लागतो, हवा कमी पडली की जास्त झाली याचा निरोप मेंदूला उशिरा पोचतो. मग तो आधी जास्त ढकलतो, मग थांबूनच बसतो." "मी डॉक्टर नाही काका. माझं चुकूही शकेल. आणि खरं सांगायचं तर आधीचे दोन महिने मी नुसते तास बघितले. डेपोला तेवढेच लागतात, आणि बाहेर रांग असते. आज सहज ही रेघ उघडली. तेव्हा आता मला दोनच गोष्टी दिसतात. एक तर मास्क दुसरं कोणी लावतंय, नाहीतर तुमचं हृदय बिघडलंय. कोणतं ते तुम्ही सांगा."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला डेपोचं फाटक होतं. डेपोला फसवलं असं झालं असतं. चाक गेलंच असतं, वर नाचक्की.

"माझाच आहे," ते म्हणाले.

बाईंनी कागद ओढला.

"मग हृदयाच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते. उद्याच जा. परवा नको."

*

मास्क पहिल्यांदा लावला तेव्हा सावकाशरावांना वाटलं होतं, धावत्या बसच्या खिडकीतून कोणीतरी आपलं डोकं बाहेर धरलंय. तोंड मिटलं की कानात दडे बसत, उघडलं की घशाला कोरड पडे. पाच मिनिटांत ते मास्क ओरबाडून काढत. बायकोने पट्ट्यांना जुन्या बनियनचं मऊ अस्तर शिवून दिलं. ती घरी बसून कपडे दुरुस्त करायची. पँटा आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं सांधणं. अस्तर इतकं बेमालूम बसवलं होतं की ते कंपनीकडूनच आलंय असं वाटावं. तरी जमेना.

पहिल्याच आठवड्यात डेपोसाहेबांनी बोलावून सांगितलं, "रोजचे तास भरले नाहीत तर चाक विसरा. धुलाईवर आहात तिथंच निवृत्त व्हा."

धुलाईवर म्हणजे आवाराच्या कोपऱ्यात पाइप धरून बस धुवायच्या. डेपोचा मेस्त्री जाता-येता विचारायचा, "काय सावकाशराव, रात्री झोप झाली का? की इथंच फवाऱ्याखाली घेताय डुलकी?" आधी ते हसत. मग हसायचं राहून गेलं. ज्या गाड्या चालवल्या त्यांच्याच चाकांतला चिखल काढताना माणसाला काय वाटतं, हे नीट सांगता येण्यासारखं नाही. ते घरी येत, जेवत, आणि भिंतीकडे तोंड करून पडत.

एका रात्री बायको म्हणाली, "द्या इकडे."

"काय?"

"मास्क. तुम्ही झोपा निवांत. मी लावते."

"वेड लागलंय का तुला?"

"त्यात काय? तुमचं नाव, माझं नाक. मशीनला काय कळतंय? त्याला हवा ओढणारं कोणीतरी हवं."

"अगं, औषधासारखं असतं ते. दुसऱ्याचं घ्यायचं नसतं."

"हवाच आहे ना? हवा कधी कोणाची असते होय?" तिने पट्ट्या आपल्या डोक्याच्या मापाने आवळल्या, आरशात पाहिलं आणि मास्कच्या आतून म्हणाली, "कशी दिसते?"

"विमान चालवणाऱ्यासारखी."

"बघा. तुम्ही नुसती बस."

त्यानंतर हेच चालू झालं. तास भरू लागले. डेपोसाहेबांनी मान डोलावली. आणि बायकोलाही ते मानवल्यासारखं दिसलं. आठवड्याने ती म्हणाली, "बरं वाटतं हो. कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं." अलीकडे तिला लवकर दम लागायचा. पाय जड झालेत म्हणायची. एका उशीच्या दोन झाल्या होत्या, दोनाच्या तीन. सावकाशरावांना वाटलं, नळी नीट बसावी म्हणून असेल. त्यांनी विचारलं नाही. रात्री मशीन मंद घुमत राही, आणि त्या आवाजाखाली कोणाचा श्वास कसा चाललाय हे ऐकू येत नसे. तसंही ते गाढ झोपणारे. निदान त्यांचा समज तसा होता.

*

चिठ्ठी घेऊन ते घरी आले तेव्हा बायको मशीनवर होती, शिवणाच्या. त्यांनी सगळं सांगितलं. टेकडीचं सांगितलं, उघड्या दाराचं सांगितलं. ती सुईत दोरा ओवत ऐकत होती. दोरा जाईना. तिने टोक ओठांत ओलं करून पुन्हा धरलं.

"म्हणजे माझं हृदय दमलंय म्हणतात."

"तसं नाही गं. बाई म्हणाल्या, त्यांचं चुकूही शकेल."

"चुकलंच असणार. मशीन तुमच्या मापानं लावलेलं, श्वास माझा. गोंधळलं बिचारं."

"तुला दम लागतो."

"वयानं लागतो. जिन्यावर तुम्हालाही लागतो." दोरा एकदाचा गेला. "हे बघा, तुम्ही उद्या जा आणि तपासून घ्या. तुमचं ठणठणीत निघणार. मग म्हणायचं, बघा, मशीनच वेडं होतं. बाईंना सही करावीच लागेल. झालं."

"आणि तुझं?"

"माझं नंतर बघू. पळून का जातंय? आधी चाक हातात येऊ दे. मग दाखवा मला सगळ्या डॉक्टरांना, पुढच्या सीटवर बसवून न्या."

त्यांना हे पटायला नको होतं. पण पटलं. चार-आठ दिवसांनी काय होतंय, असं त्यांनी मनाशी दोन-तीनदा म्हणून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते जरा जास्त खरं वाटलं. त्या रात्री मास्क लावताना ती म्हणाली, "आज जरा शहाण्यासारखा श्वास घेते," आणि दोघंही हसली.

*

हृदयाची तपासणी वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्टच्या दारावर बंदची पाटी होती. बायको बरोबर आली होती. तपासायला जाणाऱ्याबरोबर कोणीतरी असावं लागतं, असं तिचं म्हणणं. पाण्याची बाटली आणि कागदांची पिशवीही तिनेच घेतली. "आज पेशंट तुम्ही. रुबाबात चला."

पहिल्या वळणावर ती थांबली आणि भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचू लागली. दुसऱ्या वळणावर काहीच लावलेलं नव्हतं. तिथे ती कोऱ्या भिंतीशी नुसतीच उभी राहिली.

"सावकाश," ते म्हणाले.

"हे प्रवाशांना म्हणायचं," ती म्हणाली. तेवढं बोलायला तिला दोन श्वास लागले.

आत त्यांना कुशीवर झोपवलं. छातीला गार, बुळबुळीत काहीतरी लावून डॉक्टर वर यंत्र फिरवू लागले. डॉक्टर तरुण होते, बोलके होते. पडद्यावर काहीतरी उघडमीट करत होतं.

"दिसतंय का आजोबा? ही झडप. मस्त चाललीय. पोराचं हृदय आहे तुमचं." त्यांनी यंत्र पुसून ठेवलं आणि बाईंची चिठ्ठी पुन्हा वाचली. "खरं सांगू? हे वाचून मला वाटलं होतं, पेशंटला चाकाच्या खुर्चीवरून आणतील. असले श्वास असणारा माणूस जिना चढून येईल असं वाटत नाही. चढला तरी वळणावळणावर थांबेल."

सावकाशराव टॉवेलने छाती पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"मशीनचीच काहीतरी गडबड दिसते," डॉक्टर म्हणाले. "मी लिहून देतो. हृदय उत्तम, गाडी चालवायला हरकत नाही."

त्यांनी लिहिलं, शिक्का मारला. हवं होतं ते मिळालं होतं. सावकाशरावांनी सदरा घातला, बटणं चुकवली, परत लावली. आभार मानले. दार उघडलं.

बायको बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. मान भिंतीला टेकलेली, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. पावलं सुजून गुळगुळीत झाली होती आणि पट्ट्यांचे वळ त्यांत खोल रुतलेले दिसत होते. तिचे पाय त्यांनी नीट पाहिले त्याला किती काळ झाला होता कोण जाणे.

मग त्यांनी तिची छाती पाहिली. श्वास लहान होता. मग थोडा मोठा झाला. आणखी मोठा. पिशवी वर उचलली गेली. मग उतरू लागला, उतरत उतरत पदराची कडसुद्धा हलेना इतका बारीक झाला, आणि थांबला.

आजूबाजूला लोक येत-जात होते. कोणी नंबर पुकारत होतं. ते शिक्का मारलेला कागद धरून उभे राहिले आणि वाट पाहू लागले. ही टेकडी त्यांनी पडद्यावर पाहिली होती. आता पायथा आलाय हे त्यांना कळत होतं. किती वेळ बसायचं असतं पायथ्याशी, ते बाईंनी सांगितलं होतं की नाही, आठवेना. त्यांनी आपलाही श्वास धरून ठेवला होता, आणि त्यांचा सुटला तरी तिचा येईना.

मग ओठ किंचित हलले आणि लहान श्वास परत सुरू झाला.

ते वळले. आत दुसरा पेशंट सदरा काढत होता. डॉक्टरांनी वर पाहिलं. "काय राहिलं आजोबा?"

"साहेब," त्यांनी कागद टेबलावर ठेवला, "चिठ्ठीतले श्वास ज्यांचे आहेत, त्या बाहेर बसल्यात."

*

डॉक्टर आधी रागावले. मग बायकोला टेबलावर घेतलं, आणि मग रागवायचं विसरून गप्प झाले. बोलका माणूस गप्प झाला की काय समजायचं ते सावकाशरावांना समजलं. हृदय मोठं झालं होतं, पिशवीसारखं सैल पडलं होतं. बरंच आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. औषधं देऊ, अंगात साठलेलं पाणी काढू, बघू.

दवाखान्यातल्या खाटेवर बायको त्यांच्याशी बोलली नाही. नर्सशी बोलली, शेजारच्या बाईशी बोलली, पत्र्यावर पाऊस वाजावा तशी खोकली, पण त्यांच्याशी नाही. भेटायची वेळ संपता संपता भिंतीकडे बघून म्हणाली, "माझ्याकडं एवढं एकच काम होतं. झोपायचं. तेही बिघडवलंत."

"अगं, पण तुझं..."

"माझं जे व्हायचं ते झालंच असतं. तुमचं तरी झालं असतं."



मशीनच्या बाईंना आणि मग डेपोत त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. डेपोसाहेब वाईट माणूस नव्हते. पंख्याकडे बघत म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलं नसतंत तर बरं झालं असतं. आता कानावर आलं. आता काय करू?" मग त्यांना जे करणं भाग होतं ते त्यांनी केलं. चाक कायमचं गेलं, धुलाई राहिली. मेस्त्री त्या दिवसापासून चेष्टा करेना झाला. ते जास्त लागलं.

बायको घरी आली. मशीन तिच्या उपयोगाचं नाही, तिचा गळा मिटत नाही, मुळातच दुखणं वेगळं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ते कपाटावर ठेवलं. पण तिला झोप लागेना. उशांच्या ढिगाला टेकून ती बसून राही.

"काय होतंय?"

"काही नाही. घर फार गप्प आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "ते नुसतं चालू ठेवता येईल का? कानाला सवय झालीय."

त्यांनी चालू केलं. पण मास्क कोणाच्या तोंडावर नसला की मशीन नुसतंच फुसफुसतं आणि थोड्या वेळाने आपलं आपण बंद पडतं. दोनदा बंद पडलं. तिसऱ्यांदा सावकाशरावांनी मास्क उचलला, पट्ट्या सैल केल्या आणि स्वतः लावला. खिडकीबाहेर डोकं धरल्यासारखं झालं. त्यांनी दोन्ही हातांनी पलंगाची कड पकडली. मशीन घुमू लागलं.

"काढा हो," ती म्हणाली. "तुम्हाला सोसत नाही."

त्यांनी मान हलवली. मशीन चालू असताना मास्कमधून बोलता येत नाही हे एक बरं होतं.

ती त्या आवाजाखाली झोपली. दुसऱ्या रात्रीही झोपली. महिन्याभरात सावकाशरावांना मास्क सोसू लागला, आणि मग अशी गंमत झाली की त्यांना खरी झोप लागू लागली. इतक्या वर्षांत लागली नव्हती तशी. सकाळी डोकं हलकं, डोळे लख्ख. हात स्थिर. ताजेतवाने होऊन ते बस धुवायला जात.

"आता बघा कसे दिसताय," बायको एकदा म्हणाली. तिचा राग केव्हातरी सरला होता. तो बाळगायलाही दम लागत असावा. "आता दिलं असतं तुम्हाला चाक."

"विमान देतायत म्हणे."

"मला पुढं बसवा," ती म्हणाली.

*

मशीनच्या बाईंच्या तळघरात ते पुन्हा गेले तेव्हा हिवाळा सरत आला होता. पिशवीतून मशीन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं, नळी गुंडाळून, मास्क धुऊन पुसून.

"काकू?" बाईंनी विचारलं.

"गेल्या महिन्यात गेली. पहाटे."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. सावकाशराव थोडं प्यायले.

"हे परत करायला आलोय. डेपोला आता अहवाल लागत नाही. दुसऱ्या कोणाच्या कामी येईल."

"परत कशाला? गळा तर तुमचाच मिटतो. ठेवा तुम्ही." बाईंनी सवयीने कार्ड काढून संगणकात घातलं. "बघू तरी. छान. रोजच्या रोज लावलाय. श्वास लांब, भरदार. गळा कुठे मिटलेला नाही. हा तुमचाच श्वास आहे, यात शंका नाही." त्या एकेक दिवस पुढे सरकवत होत्या. मग त्यांचं बोट थांबलं.

"इथं पहाटे मास्क काढलाय."

"हो."

"परत लावलाय. आणि मग..." त्यांनी रेघ आणखी पुढे ओढली. ती संपेना. "दुपारपर्यंत चालू आहे. पण काका, हा झोपेतला श्वास नाही. झोपेत श्वास एका तालात चालतो. हा जागेपणीचा आहे. एक लहान, एक मोठा, मध्येच अडकतोय. कुठे नुसताच धरून ठेवलाय."

सावकाशराव पडद्याकडे बघत होते. त्यांना आता रेघ वाचता येत होती.

"ती गेल्याचं कळलं तेव्हा काढला," ते म्हणाले. "मुलगी परगावहून यायची होती, तिला पोचायला दुपार होणार होती. मशीन बंद केलं आणि घरात काहीच आवाज राहिला नाही. म्हणून परत लावला. मुलीनं दार वाजवेपर्यंत बसलो तसाच, तिच्याशेजारी."

बाहेर रांगेतलं कोणीतरी खोकलं. बाईंनी पडदा तसाच राहू दिला.

"आणखी काही दिसतं का त्यात?" सावकाशरावांनी विचारलं.

"नाही काका. नुसता श्वास दिसतो."

त्यांनी मान हलवली. बाईंनी कार्ड काढून मशीनमध्ये परत बसवलं, आणि सावकाशरावांनी ते पिशवीत ठेवलं. मास्क वर ठेवताना एका पट्टीचं अस्तर टोकाशी उसवलेलं त्यांना दिसलं. त्यांनी सुटलेला दोरा ओढला नाही. बोटाने अस्तराखाली सारला, चेन लावली आणि कठड्याला धरून जिना चढू लागले.